पहाटेचा घोर

अण्णांचे दिवसवार झाल्यावर मी त्यांचं कपाट आवरायला घेतलं. चपलांच्या एका जुन्या खोक्यात चिठ्ठ्या निघाल्या. घरी आलेल्या लग्नपत्रिका कापून केलेल्या. मागच्या कोऱ्या बाजूवर एकेक इंग्रजी शब्द, त्याखाली त्याचं कूळ आणि मराठीत अर्थ. अण्णांनी पस्तीस वर्षं तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हे शब्द वर्गातले नव्हते. खुद्द इंग्रजीनेच केव्हाचे टाकून दिलेले होते.

चिठ्ठ्यांचं वेड त्यांना जेम्स मरेंमुळे लागलं. मरे ऑक्सफर्डमध्ये, घरच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत बसून इंग्रजीचा महाकोश रचत, आणि कुठकुठले वाचक त्यांना शब्दांच्या चिठ्ठ्या पाठवत. त्या लाखो चिठ्ठ्यांत ‘बाँडमेड’ हा शब्द हरवला. बाँडमेड म्हणजे दासी. तो भाग छापून गेल्यावर चूक ध्यानात आली, आणि शब्दाला कोशात जागा मिळाली ती थेट १९३३च्या पुरवणीत. मरे १९१५मध्येच गेले होते. हे सांगताना अण्णांचा आवाज दर वेळी खाली येई. इतक्या शब्दांतून दासीच हरवावी, याचं त्यांना फार वाईट वाटे.

खोक्यातली ‘वॉनहोप’ची चिठ्ठी हाताळून मऊ झाली आहे. अर्थ निराशा. चॉसरच्या लेखनात तो भेटतो. पुढे फ्रेंचांकडून आलेला ‘डिस्पेअर’ त्याच्या जागी बसला. त्यातलं ‘वॉन’ म्हणजे कमी असलेलं. संस्कृतातलं ‘ऊन’ त्याच मुळाचं, आणि म्हणून आपलं ‘उणं’ही. निराशेला त्या लोकांनी अंधार म्हटलं नाही, अंत म्हटलं नाही. आशा उणी झाली, एवढंच. इंग्रजीत हे ‘वॉन’ आज ‘वॉन्टन’ या शब्दात तेवढं तगून आहे. मूळ अर्थ, ज्याला वळण लागलेलं नाही असा. मला पाटीवर उणे-अधिक शिकवणारे अण्णा दवाखान्यात एका सकाळी म्हणाले, “आज आशा जरा उणी आहे गं.” तेव्हा मला त्यामागचं काही माहीत नव्हतं. मी पांघरूण सारखं केलं आणि डॉक्टर कधी येतात ते बघायला बाहेर गेले.

‘अ‍ॅप्रिसिटी’ मात्र घरातलाच झाला होता. हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हेन्री कॉकरम नावाच्या कोशकाराने १६२३च्या आपल्या कोशात लॅटिनवरून आलेला हा शब्द नोंदवला. पण लोकांच्या बोलण्यात तो रुजला नाही. आमच्या ओट्यावर रुजला. शेवटच्या थंडीत अण्णा ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत आणि माझ्या मुलाला हाक मारत, “ये रे, अ‍ॅप्रिसिटी आलीय.”

खोक्याच्या तळाशी होता ‘ऊख्तकेआरे’. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतला. ‘ऊख्त’ म्हणजे उजाडण्याआधीचा, रात्रीचा शेवटचा तुकडा. त्या वेळी मठांत होणाऱ्या प्रार्थनेला ‘ऊख्तसांग’ म्हणत. आपल्याकडे काकडआरती होते तो हा प्रहर. ‘केआरे’ म्हणजे काळजी. ती ‘केअर’ होऊन अजून नांदते आहे. ‘ऊख्त’ मेला.

हा जोडशब्द एका कवितेत येतो. नवरा समुद्रापार गेलेली एक बाई तिथे बोलते. तो कुठे असेल या विचाराने तिला पहाटे झोप नाही. ओकच्या झाडाखाली, जमिनीतल्या बिळासारख्या घरात ती एकटी राहते. कवीचं नाव कुणाला ठाऊक नाही. कविता उरली ती एक्सेटरच्या कॅथेड्रलमधल्या एकाच हस्तलिखितात. बिशप लिओफ्रिकने ते तिथे दिलं. तो १०७२मध्ये वारला. पुढे त्या पोथीचे हाल झाले. पहिल्या पानांवर सुरीचे वार आहेत, भांडं ठेवल्याचा डाग आहे, आणि शेवटची पानं जळून आरपार भोकं पडली आहेत. बाईची कविता त्या भोकांच्या जरा अलीकडे आहे. थोडक्यात वाचली.

चिठ्ठीवर अण्णांनी अर्थ लिहिला आहे, ‘पहाटेचा घोर’. त्याखाली, ‘आढळ: एकदाच.’

आई गेली त्या पावसाळ्यापासून अण्णा चारला उठत. आधी कडी वाजे, मग मोरीतली बादली, मग स्टोव्ह. चहा दोन कपांचा ठेवत आणि एक कप तसाच गार होई. वय झालं की झोप कमी होते, असं मी धरून चालले होते. आवाज ऐकून मी कूस बदले आणि पुन्हा झोपे. उठून त्यांच्यापाशी बसावं, असं एकदाही मनात आलं नाही.

‘एकदाच’वर काट मारली आहे. शेजारी दुसऱ्या शाईने, त्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या कापऱ्या अक्षरात, ‘दोनदा’ असं लिहिलं आहे.