मामू आणि एलिंग

नानीचा इंतकाल झाला तेव्हा मामू चाळिशी ओलांडलेले होते. तोवर ते कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटे गेले नव्हते. नानीच्या माघारी ते आमच्याकडे आले, त्याला आता पाच वर्षं झाली. गेल्या रविवारी ‘एलिंग’ हा नॉर्वेचा सिनेमा पाहिला आणि मामूंकडे नव्यानं बघावं लागलं.

इंगवार आम्ब्योर्नसन यांच्या कादंबरीवरून आधी नाटक झालं आणि २००१ साली पेटर नेस यांनी सिनेमा केला. त्याला ऑस्करचं नामांकनही होतं. एलिंग चाळिशीचा, आयुष्यभर आईच्या सावलीत राहिलेला. आई गेल्यावर त्याला दोन वर्षं एका संस्थेत ठेवतात. मग तिथला सोबती शेल ब्यार्ने आणि तो, अशा दोघांना सरकार ओस्लोत घर देतं. घर मिळालं तरी फोन वाजला की एलिंगला घाम फुटतो. रस्ता ओलांडणं म्हणजे मोहीमच! आपण हसतो, पण त्याला नाही, त्याच्यासोबत हसतो. पुढे हाच माणूस कविता लिहून दुकानातल्या आंबवलेल्या कोबीच्या पाकिटांत गुपचूप ठेवायला लागतो.

त्यांच्यावर देखरेख करणारा फ्रँक मला सुरुवातीला कठोर वाटला. त्यांचा फोन तो उचलत नाही, त्यांनाच उचलायला लावतो.

आम्ही मात्र उलटंच केलं. “मामू, तुम्ही बसा, मी आणतो.” पाहुण्यांनी त्यांना काही विचारलं तर उत्तर आम्ही द्यायचो. याला आम्ही खिदमत समजत होतो. उर्दूच्या तासाला मूल वाचताना अडखळलं, तर शब्द लगेच त्याच्या तोंडात घालायचा नाही, थांबायचं, हे मी बीएडला शिकलो. वर्गात रोज पाळतोही. घरी मामूंचं एक वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

काल त्यांच्या हातात पैसे आणि पिशवी दिली. दूध आणायचं होतं. अम्मी माझ्यावर रागावली. मी खिडकीत उभा राहिलो. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या; मागे जावंसं वाटलं, गेलो नाही.

चाळीस मिनिटांनी मामू आले. पिशवीत दुधाऐवजी पाव होते. उरलेले पैसे त्यांनी मोजून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “दुकानवाल्यानं नाव विचारलं. मी सांगितलं.”

अम्मीनं काही न बोलता काळा चहा ठेवला.