गंज

पावसावर मराठीत जितके लिहिले गेले, त्याच्या शतांशानेही गंजावर लिहिले गेले नसावे. कोकणातला पाऊस कवितेत आला, ललित निबंधात तर तो इतका आला की विद्यार्थ्यांच्या वह्यांतून अजून गळतो. पण ओसरताना तो लोखंडावर जे ठेवून जातो, त्याकडे आम्ही साहित्याच्या माणसांनी फारसे पाहिलेले नाही. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ते पाहावेच लागते. (पोलादपूर नावाच्या गावी लोखंडाची ही अवस्था व्हावी, याची गंमत आम्हांला दर पावसाळ्यात नव्याने वाटते. 'पोलाद' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. गावाला तो कसा चिकटला, हा वेगळा विषय.)

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडात शिरले होते. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली; पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी आल्या. त्या दिवसांच्या संदर्भात आपल्या जुन्या मोटारीविषयी बोलताना संकोच वाटतो. पण पुरानंतर घरोघरी जी कामे उरतात, ती अशीच लहान असतात.

आमची गाडी चाके बुडतील इतक्या पाण्यात उभी होती. इंजिनाचे काम होऊन ती दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा मागची चाके कोणी उघडलीच नव्हती असे दिसले. गाडी चालते, मग हरकत काय, हा युक्तिवाद सपाट रस्त्यापुरता ठीक आहे. आम्हांला आईकडे वाईला जायचे तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढावा लागतो, आणि मुख्य म्हणजे परतताना तो उतरावा लागतो. तेव्हा मागचे ब्रेक ड्रम स्वतःच उघडून पाहायचे, असे आम्हां दोघांचे ठरले. एका चाकाचे चारही नट गाळाने आणि गंजाने बसून गेलेले होते.

या कामातली भाषा ऐकण्यासारखी आहे. पाना 'घसरतो', नटाचे कोपरे 'मरतात', आटे 'जातात', आणि सर्व नीट झाले तर नट 'सुटतो'. 'मी सोडवला' असे मुरलेला मिस्त्री सहसा म्हणत नाही. अकर्मक क्रियापदाची ही निवड नम्रतेतून येते असे आम्ही समजत होतो; हात काळे केल्यावर वाटले, ती निव्वळ वस्तुस्थिती असावी. गंज ज्या लोखंडापासून होतो त्यापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांमधली केसाएवढी फट तो फुगून भरून काढतो, आणि नट पाचरीसारखा अडकतो. अशा वेळी पान्याला लांब नळी लावून सगळा जोर एकदम दिला, तर तो गंजावर न जाता स्टडवर जातो, आणि स्टड मोडतो. म्हणून तारेच्या ब्रशने आटे घासायचे, गंज सोडवणारे पातळ तेल सोडायचे, रात्रभर थांबायचे. सकाळी हातोडीने नटाच्या अंगावर हलके ठोके द्यायचे, म्हणजे गंजाला तडे जाऊन तेल आत झिरपते. पाना सहा कोनांचा हवा. बारा कोनांचा झिजलेल्या नटावरून लवकर घसरतो. चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट ढिला करायचा, जॅक नंतर. आणि पहिला पीळ सोडण्याच्या दिशेने नव्हे, आवळण्याच्या दिशेने द्यायचा, तोही किंचित. मग उलटा. थोडे तेल, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आच दिली तर नट प्रसरण पावून लवकर सुटतो हे खरे, पण जवळच ब्रेकची रबरी नळी आणि तिच्यात ब्रेक ऑइल असताना अंगणात ज्योत पेटवण्याचा विचार आम्ही केला नाही.

दोन दिवसांत तीन नट सुटले. चौथ्याचे कोपरे पार मेलेले होते. तो स्टडला समांतर छिन्नी धरून फोडावा लागला. नट पाच-पंचवीस रुपयांत नवा मिळतो, स्टड वाचवायचा असतो. नवे नट बसवताना आट्यांना ग्रीस मुळीच लावू नये. आमच्याकडे पावसाच्या धास्तीने सगळ्यालाच ग्रीस फासण्याची रीत आहे, पण चाकाचे नट स्वच्छ आणि कोरडेच बसवायचे. तेलकट आट्यांवर नट तेवढ्याच जोराने कितीतरी जास्त आवळला जातो.

चाक निघाले तरी ड्रम हलेना. पुढच्या चाकांना दगड लावून हँडब्रेक सोडला. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत दोन बोल्ट घालून ते आळीपाळीने थोडेथोडे आवळले. एरवी धरून ठेवणारा बोल्ट इथे ढकलतो. दहाबारा वेळा आवळल्यावर ड्रम एकदम सैल झाला आणि हातात आला.

आत तांबडा गाळ होता, वाळून पिठासारखा झालेला. लायनिंगवर त्याचा थर बसला होता, स्प्रिंगांच्या वेटोळ्यांतही तो ठासून भरला होता. फरशीवर वर्तमानपत्र अंथरून आम्ही तो काढला. ओंजळभर भरला.