घराची खूण

ज्या घरात मनुष्याची हयात गेली, त्या घरातला अंधारही त्याच्या ओळखीचा असतो. मध्यरात्री दिवा न लावता तो उठतो, उंबरठा चुकवितो, आणि कळशीवरचे झाकण न वाजविता पाणी घेतो. हातापायांना झालेली ही ओळख हे मोठेच सुख होय. परंतु परक्या घरात तेच पाय ठेचाळतात, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आम्हांस तो करावा लागला, आणि तो एका संगणकाने करविला.

निवृत्तीनंतर आम्ही एक काम अंगावर घेतले आहे. फोंड्याजवळच्या आमच्या देवस्थानच्या जमाखर्चाच्या जुन्या मोडी वह्या बाळबोध लिपीत उतरवून काढावयाच्या. नंदादीपाला तेल किती लागले, पालखीपुढच्या वाजंत्र्यांस काय दिले, कोणत्या महाजनाने कोणती सेवा नेमून दिली, असल्या त्या नोंदी. वहीच्या एका पानाची एक फाईल, अशा शेकडो फाइली झाल्या. त्यांत एखादे नाव धुंडाळावयाचे तर नोकरीत असताना शिकलेली टर्मिनलची काळी खिडकीच सोयीची. तीत चित्रे नाहीत, बटने नाहीत. आज्ञा टंकावी आणि 'शेल' नावाच्या प्रणालीने ती पार पाडावी, एवढाच व्यवहार. 'ग्रेप' या आज्ञेस नाव सांगितले की ते कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत आहे हे क्षणात पुढे येते.

नवा शेल हा कोऱ्या भिंतींच्या खोलीसारखा असतो. तो आपलासा करण्यासाठी आपल्या इच्छा काही फाइलींत लिहून ठेवावयाच्या असतात. त्यांची नावे टिंबाने सुरू होतात, म्हणून फाइलींच्या नेहमीच्या यादीत त्या दिसत नाहीत; घराच्या पायातील दगडांप्रमाणे त्या नजरेआड राहून भार वाहतात. आम्ही 'बॅश' नावाचा शेल वापरतो. १९८९ पासून प्रचारात असलेल्या या शेलच्या 'बॅशआरसी' फाइलीत आम्ही एकेक ओळ घालीत गेलो. लांब आज्ञांना आखूड नावे दिली. पूर्वी दिलेल्या आज्ञा बॅश मुळात ५०० पर्यंतच लक्षात ठेवतो. ती मर्यादा वाढविली. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकाच मापाची चौकट देते, आणि ती आपल्या जोडाक्षरांना मानवत नाही; म्हणून चार निरनिराळी टर्मिनले तपासून त्यांतल्या त्यात बरे दिसणारे एक पत्करले. एकदा तर एका खिडकीत चालणारी आज्ञा दुसरीत चालेना म्हणून सारी संध्याकाळ गेली. प्रवेश करताना उघडणारा शेल एक फाईल वाचतो आणि नंतर उघडलेला शेल दुसरी वाचतो, हे कळले तेव्हा देवापुढची सांजवात लावावयाची राहून गेली होती.

याच भरात आम्ही एक ओळ अशी घातली, की जिचा पुढे आम्हांस पश्चात्ताप झाला. फाईल पुसण्याची आज्ञा 'आरएम'. ती काहीएक न विचारता पुसते. तिला 'आय' हे अक्षर जोडले तर मात्र ती प्रत्येक फाइलीपाशी थांबून 'पुसू का?' असे विचारते. आम्ही अशी योजना केली की आमच्या यंत्रावर नुसते 'आरएम' म्हटले तरी प्रश्न व्हावाच. केवढी सावधगिरी, असे तेव्हा वाटले. चार वर्षे यंत्र विचारीत राहिले, आम्ही उत्तरे देत राहिलो. आणि ही सावधगिरी आमची नसून त्या एका ओळीची आहे, हे विसरून गेलो.

पुढे डोळ्यांच्या उपचारासाठी चातुर्मास बेळगावी पुतण्याकडे काढावा लागला. देवस्थानच्या समितीच्या परवानगीने एक वही आम्ही बरोबर नेली होती. पुतण्याच्या संगणकावर तोच शेल होता, त्याच आज्ञा होत्या. काम सुरळीत चालले. तीन महिन्यांत ११२ पाने उतरवून झाली. आमचा 'विम' हा संपादक आमच्याच सांगण्यावरून प्रत्येक फाइलीची जुनी प्रत राखतो व तिच्या नावाच्या शेवटी '~' ही तरंगासारखी खूण लावतो. एके सायंकाळी त्या जुन्या प्रती काढून टाकाव्या म्हणून आम्ही आज्ञा टंकली. तारा म्हणजे 'सर्व'. ताऱ्याला जोडून तरंग लिहिला, तर अर्थ होतो 'तरंगाने संपणारे सर्व'. पण अंगठा चुकून मधल्या लांब कळीला लागला, आणि ताऱ्याच्या व तरंगाच्या मध्ये एक रिकामी जागा पडली. आता अर्थ झाला, 'सर्व, आणि शिवाय घर.'

कारण एकटी उभी राहिली म्हणजे तीच खूण 'आपले घर' असा अर्थ सांगते. १९७० च्या दशकात बर्कली येथे बिल जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करीत, त्याच्या कळफलकावर 'होम' हा शब्द आणि ही खूण एकाच कळीवर होती. त्या शेजारातून ती घराची खूण झाली, आणि जगभर तशीच राहिली.

आमच्या यंत्राने पहिल्याच फाइलीशी विचारले असते आणि आम्ही थांबलो असतो. या यंत्राने विचारले नाही. एका श्वासात ११२ पाने गेली, आणि पडद्यावर एकच तक्रार उमटली: घर हे पुसता येत नाही. टर्मिनलवरून पुसलेली फाईल कोणत्याही टोपलीत जाऊन पडत नाही, ती जाते. पुतण्या मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, घर तरी उरलें न्ही?" आम्हांस हसू आले नाही.

ती वही पुन्हा उघडावी लागली. कागद इतका जीर्ण की पान उलटताना बोटांना भुकटी लागे. पहिल्या खेपेस आम्ही ती जपून निभावली होती. दुसऱ्या खेपेस तीन पानांचे कोपरे तुटले, आणि एका कोपऱ्याबरोबर एका सेवेकऱ्याच्या नावाची पहिली दोन अक्षरे गेली. ती कोणती होती, हे आता कोणालाही सांगता यावयाचे नाही. समितीपुढे आम्ही सर्व कबूल केले. कोणी रागावले नाही, आणि त्यामुळेच अधिक लागले.

घरी परतल्यावर प्रथम ती ओळ काढली. जुन्या आज्ञेला नवा स्वभाव चिकटवावयाचा नाही, हा नियम केला. तिच्याऐवजी 'टाक' नावाची आमची स्वतःची आज्ञा लिहिली. ती काही पुसत नाही; फाईल उचलून एका वेगळ्या जागी नेऊन ठेवते. आमच्या घराबाहेर ही आज्ञा कोणास ठाऊक नाही, हाच तिचा गुण.

मग साऱ्या टिंबाच्या फाइली एका ठिकाणी आणून 'गिट'च्या स्वाधीन केल्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेली ही प्रणाली, प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची नोंद ठेवते. म्हणजे आमच्या जमाखर्चाच्या वहीचेच काम करते. उतरविलेली पानेही तीतच घातली, आणि तिची एक प्रत बेळगावी ठेवली. परवलीचे शब्द मात्र तीत ठेवले नाहीत. वही दहा जणांनी वाचावी, गाभाऱ्याची किल्ली दहा जणांकडे असू नये. शिवाय प्रत्येक ओळीच्या डोक्यावर, ती का घातली हे मराठीत लिहून ठेवले. ओळीच्या आरंभी विशिष्ट चिन्ह घातले की शेल पुढचा मजकूर वाचीत नाही. यंत्रासाठी तो नाहीच; आमच्यामागून या खुर्चीवर बसेल त्याच्यासाठी आहे.

लहान गोष्टीसाठी थोर उदाहरण घेतल्याची क्षमा असावी. १५६० साली श्रीमंगेशाला कुशस्थळीहून नदीपार प्रियोळास आणावे लागले. देवालयाच्या भिंती उचलून आणता येत नाहीत. देव आला, पूजेचा क्रम ज्यांस ठाऊक होता ती माणसे आली, आणि नव्या भूमीवर देवालय पुन्हा उभे राहिले. आपण कोणत्या गोष्टीवर उभे आहो हे ज्यास ठाऊक असते, त्यालाच ती बरोबर नेता येते. आमच्या घरची ती एक ओळ आम्ही विसरलो होतो, म्हणून ती बेळगावास आली नाही; आली ती केवळ तिची सवय.

परवा देवस्थानच्या कचेरीतील संगणकावर बसलो असता हाताने सवयीने 'टाक' टंकले. उत्तर आले: 'आज्ञा सापडली नाही.' आम्ही कळफलकावरून हात उचलला, चष्मा पुसला, आणि हे कोणाचे घर आहे ते आधी पाहून घेतले.