होडी आणली, पण ट्रॉलीत नाही

उजनीच्या पाण्यापलीकडं आपली केळी. म्हणून कोकणातनं जुनी फायबरची होडी घेतली. मेहुणे म्हणाले, "ऊस नेतो तशी ट्रॉलीत टाकू." गेल्या साली तशीच एक आणलेली, घाटात तळाला चीर गेली, दुरुस्तीत हंगाम गेला. यंदा होड्या नेणारी माणसंच बोलावली. भाडं ऐकून पोटात गोळा आला, खरं सांगतो.

त्यांनी आधी टेप लावला. रुंदी ९ फूट, म्हणजे २.७४ मीटर, रस्त्याच्या नियमात २.६. परवानगीशिवाय हलणार नाही म्हणाले. इंजिन, तेलाची टाकी उतरवली, साचलेलं पाणी काढलं. सगळा भार मधल्या कण्याखालच्या लाकडांवर, बाजूचे टेकू फक्त कलू नये म्हणून. आमच्या ट्रॉलीत नेमकं उलटं झालेलं!

काल पाण्यात सोडली. तळ कोरडा. उद्या केळीची कटिंग.