जामीन राहणे

परवा दुपारी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. एक मुलगी स्कूटर लावून आत आली, पाया पडली आणि म्हणाली, "सर, ओळखलंत का? मी ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची धाकटी."

ओळखलं. कपाळ बापाचं आणि बोलण्यातली घाईही बापाचीच. तिचे वडील माझे विद्यार्थी. नाव मुद्दाम लिहीत नाही, नांदगावातल्या वाचकांना कळेलच. आता स्कूल तीच बघते. बायका-मुली शिकायला यायला लागल्यात, एक गाडी पुरत नाही, म्हणून दुसरी घ्यायची आहे. पतसंस्थेनं दोन जामीनदार मागितलेत. एक तिचे मामा. "दुसरे तुम्ही राहाल का सर? पप्पा म्हणाले होते, सरांना विचारू नकोस. त्यांना न सांगताच आलेय."

आमच्या घरच्यांना, म्हणजे हा ब्लॉग वाचणाऱ्या भाचे-पुतण्यांना, 'आप्पा जामीन राहिले आणि फसले' हा किस्सा पाठ आहे. लग्नाकार्यात पंगती उठल्या की तो हमखास निघतो. पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा मी तीस वर्षं कुणाला सांगितला नाही. तो आज लिहितो.

१९९४ सालची गोष्ट. हा मुलगा दहावीला माझ्या वर्गात होता. पुढे आयटीआयला मोटार मेकॅनिक झाला, मग काही वर्षं ट्रकवर ड्रायव्हर. एके दिवशी शाळेत आला आणि म्हणाला, "सर, गावात ड्रायव्हिंग स्कूल काढतोय." मला हसू आलं. शाळा काढतोय म्हणे! पण त्यानं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांची झेरॉक्स पुढे ठेवली. शिकवणारा किमान दहावी पास हवा, पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव हवा, मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र हवं. गाडीला शिकवणाऱ्याच्या बाजूनंही ब्रेक आणि क्लच हवा. आणि पुढे वाचलं तर काय, फळा हवा, वाहतुकीच्या खुणांचे तक्ते हवेत, बाकं हवीत, प्रथमोपचाराची पेटी हवी, पुस्तकं हवीत. हलकी गाडी शिकवायची तर कमीत कमी एकवीस दिवस, आणि त्यात प्रत्यक्ष चाकावर दहा तास. अहो, ही तर खरोखरची शाळाच! आमच्या शाळेतही तेव्हा सगळ्या वर्गांना धड बाकं नव्हती.

सेकंडहँड फियाटसाठी त्याला चाळीस हजारांचं कर्ज हवं होतं. जामीनदार दोन, आणि त्यातला एक पगारदार हवा. गावाकडे पगारदार म्हणजे कोण? रेल्वेवाला नाहीतर मास्तर. मास्तराचा पगार महिन्याच्या महिन्याला ठरलेला, मास्तर गाव सोडून पळत नाही, आणि मास्तराला लाज असते. पतसंस्थांना हे तिन्ही ठाऊक होतं.

मी सही केली. जामीनकतबा चार पानी होता. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नका. पण तो कागद मी वाचला नाही. 'सरांनी वाचून बघितला' असं त्याला वाटलं तर विश्वास नाही असा अर्थ होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. सोबत आणखी एक कागद होता, पगारातून कपात करायला माझी संमती. त्यावरही सही केली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी त्याला कावीळ झाली आणि ती चार महिने हटली नाही. शिकवणारा एकच, तो अंथरुणाला खिळला की गाडी दारात उभी. हप्ते थकले. जून १९९५ मध्ये मला नोटीस आली. तेव्हा कुठे मी तो कागद वाचला, आणि मग ओळखीच्या वकिलांकडे जाऊन कायदाही समजून घेतला.

तुमच्यापैकी कुणी सही करणार असेल त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे. वेगळं काही लिहून घेतलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आपल्याला वाटतं की आधी त्याच्याकडून वसूल करतील, काहीच मिळालं नाही तर आपल्याकडे येतील. तसं नाही. देणेकरी थेट जामीनदाराच्या दारात उभा राहू शकतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे, तशी संमती दिलेली असेल तर पगारातूनच कपात होते. दुसरा जामीनदार त्याचा चुलता होता, दोन एकर कोरडवाहू. कलम १४६ प्रमाणे अर्धा भार त्यानं उचलायचा. त्याच्याकडे मी कुठल्या तोंडानं मागू?

दरमहा नऊशे रुपये. जुलै १९९५ ते डिसेंबर १९९७. तीस महिने, सत्तावीस हजार.

इथपर्यंतचा किस्सा सगळ्यांना माहीत आहे. आता पुढचं.

त्याच जूनमध्ये माझी थोरली बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिला नाशिकच्या कॉलेजात जायचं होतं. मैत्रिणीबरोबर जाऊन तिथली प्रयोगशाळाही बघून आली होती. होस्टेल आणि मेस मिळून महिन्याचा खर्च मी वहीत मांडला होता. साधारण नऊशे रुपये.

मी तिला जवळ बसवलं आणि म्हणालो, "नाशकात एकटी मुलगी कशी राहणार? दिवस बरे नाहीत. मनमाड जवळ आहे, रोज घरी येशील."

ती काही बोलली नाही. तीन वर्षं सकाळच्या गाडीनं मनमाडला गेली आणि संध्याकाळी परत आली. गाडी लेट झाली की प्लॅटफॉर्मवर बसून अभ्यास करायची. हिला सगळं माहीत होतं, पगाराचं पाकीट तिच्याच हातात पडायचं. पण तीही गप्प राहिली. मुलीनं मात्र आजवर असंच धरलं आहे की आप्पा जुन्या विचारांचे, मुलींना बाहेर पाठवायला घाबरायचे. एकदा तिच्या मुलीला पुण्याला पाठवताना ती हसत म्हणाली, "मी नाही हं आप्पांसारखी." मीही हसलो.

जुन्या विचारांचा असणं मला परवडलं. 'मी न वाचता सही केली आणि तुझे पैसे तिकडे गेले' हे सांगणं परवडलं नाही.

त्या विद्यार्थ्यानं मला फसवलं नाही, हेही आता लिहून टाकतो. १९९९ पासून दर दिवाळीला तो पाकीट घेऊन यायचा. कधी दोन हजार, कधी पाच. २००६ च्या दिवाळीत सत्तावीस हजार पुरे झाले. जामीनदारानं भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मिळण्याचा हक्क कलम १४५ मध्ये आहे, पण मी कधी मागितले नव्हते. त्यानं कलम न वाचताच दिले. ते पैसे घराच्या स्लॅबला गेले. ज्याला मी जामीन राहिलो त्यानं माझं देणं फेडलं, आणि मी मात्र माझ्या मुलीचं फेडलं नाही.

परवा रात्री कॅलिफोर्नियातल्या भाच्याचा फोन आला, तेव्हा सहज विषय निघाला. तो म्हणाला, "मामा, इथे जामीन विकत मिळतो." तिथे जुन्या-नव्या गाड्या विकणाऱ्या डीलरला साधारण पन्नास हजार डॉलरचा बाँड सरकारकडे द्यावा लागतो. लोकांची गाडीची कागदपत्रं करून देणाऱ्या खाजगी धंद्यांना, म्हणजे आपल्या आरटीओबाहेरच्या एजंटांसारख्यांना, पंचवीस हजारांचा. बाँड कंपनी लिहून देते. ती त्या माणसाचा आधीचा व्यवहार तपासते आणि वर्षाची फी घेते. त्यानं गिऱ्हाइकाला बुडवलं तर कंपनी भरपाई देते आणि मग त्याच्याकडून वसूल करते. त्याचा मामा किंवा मास्तर त्यासाठी लागत नाही.

आपल्याकडेही अगदीच नाही असं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम ९३ आहे. त्याप्रमाणे मालाचं बुकिंग करणाऱ्या ट्रान्सपोर्ट एजंटाकडून लायसन देताना पन्नास हजारांपर्यंत अनामत घेता येते. आणि विमा कंपन्यांनी असा जामीन लिहून द्यायला १ एप्रिल २०२२ पासून परवानगी आहे. १९ डिसेंबर २०२२ रोजी गडकरींच्या हस्ते पहिली अशी पॉलिसी निघाली. पण ती रस्ते-पुलांच्या मोठ्या कंत्राटदारांसाठी. नांदगावच्या ड्रायव्हिंग स्कूलपर्यंत यायला वेळ आहे.

आधी मला हा प्रकार कोरडा वाटला. माणसाला ओळखण्याची फी? पण रात्री झोप येईना तेव्हा वाटलं, कंपनी निदान आपल्या पैशानं जामीन राहते. काय पणाला लावलं आहे ते तिला माहीत असतं, आणि ते तिचं स्वतःचं असतं. मी काय लावलं होतं? सही माझी होती, पण जामीन राहिली माझी मुलगी. तिची सही कुणी घेतली नव्हती. तिला विचारलंही नव्हतं. गावोगावी जे जामीनकतबे होतात त्यावर नाव एकाचं असतं आणि जामीन सगळं घर राहतं.

तरी एक गोष्ट कंपनीला जमणार नाही असंही वाटतं. आजारातून उठलेला माणूस आठ दिवाळ्या पाकीट घेऊन येईल, हे कुठल्या तपासणीत दिसलं असतं? मला तरी कुठे दिसलं होतं म्हणा. पण त्याला वाटत होतं की सरांना दिसलंय. म्हणून तो आला.

असो. मुलीला मी हो म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी ती पतसंस्थेत जाऊन आली आणि पडेल चेहऱ्यानं सांगू लागली, "सर, ते म्हणतात जामीनदार नोकरीत हवा. पेन्शनर चालत नाही, आणि तुमचं वयही बसत नाही." म्हणजे जेव्हा सही करायला नको होती तेव्हा ती चालली, आणि आता वाचून, समजून करायची म्हटलं तर तिला किंमत नाही!

मग मी तिला बसवून घेतलं आणि तो जामीनकतबा पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लावला. अडलेले शब्द समजावले. तास गेला. निघताना म्हणालो, "मामांना म्हण, सही करण्याआधी हा असाच घरात सगळ्यांसमोर वाचा. मामींसमोर, पोरांसमोर. त्यानंतरही सगळे हो म्हणाले तरच सही करा. दुसरा जो कुणी मिळेल त्यालाही हेच सांग. आणि पप्पांना सांग, तू सरांकडे येऊन गेलीस म्हणून. लपवू नकोस."

ती गेल्यावर वाटलं, लपवू नकोस हे तिला सांगणारा मी कोण? म्हणून हे लिहिलं. थोरली दर रविवारी हा ब्लॉग वाचते. पण हे तिला इथे पहिल्यांदा कळायला नको. आज शनिवार आहे. संध्याकाळी तिला फोन करणार आहे. ती ऐकून घेईल, आणि मगच हे तुमच्यासमोर येईल.