दागाआधीचा घोडा

१/४
आम्हां एरंडोलकरांना घोडेबाजार म्हटला की तापीकाठची सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आठवते. घोडा अबलख की नुकरा, पंचकल्याण आहे का, भोवरे कुठे, हे तिथे डोळ्यांनी पारखता येते. त्याचा पूर्वीचा मालक मात्र विचारावाच लागतो.

२/४
मुघल लष्कराला अशी विचारपूस पुरेशी वाटली नाही. अलाउद्दीन खिलजीच्या काळातील दागाची पद्धत अकबराने पुन्हा रूढ केली: घोड्याच्या अंगावर दाग, दफ्तरात स्वाराचा ‘चेहरा’. हजेरीला उसने तट्टू उभे करून कोणी पगार उचलू नये, हा हेतू. १६०१ साली असीरगड पडला आणि आपला खानदेश याच व्यवस्थेखाली आला.

३/४
मराठी फौजेतही भेद मालकीचाच होता. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा, शिलेदाराचा स्वतःचा.

४/४
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथेच अडखळायला होते. दाग सांगतो, घोडा कोणाच्या चाकरीत होता. शिंगरू कोणी वाढवले, हे तो सांगत नाही. दख्खनी घोड्यांच्या ‘भीमथडी’ या नावात निदान त्या माणसांचा मुलूख तरी उरला आहे: भीमेचा काठ.