दोन अमेरिकन मोटारी

धार आणि देवास ही पवारांची मराठी संस्थाने आणि त्यांच्या मध्ये होळकरांचे इंदूर. देवासला तर थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावी नांदत! अशा या माळव्यात मोटारींचे कौतुक नसते तरच नवल. परंतु इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी 1936 साली घडवून घेतलेल्या मोटारीच्या तोडीची दुसरी त्या मुलखात असेल, असे आम्हांस वाटत नाही.

तिचे नाव ड्यूसेनबर्ग. सांगाडा व एंजिन अमेरिकेचे, वरचा साज लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याचा. आठ सिलिंडर, 320 अश्वशक्ती आणि पुढच्या-मागच्या चाकांत जवळजवळ 13 फुटांचे अंतर. रंग नारिंगी व काळा. एवढ्या अवाढव्य वाहनात बैठक मात्र दोघांची! या जातीच्या नुसत्या सांगाड्यालाच 1929 मध्ये साडेआठ हजार डॉलर पडत. राजाच्या दौलतीत रयतेच्या शेतसाऱ्याचाही वाटा असतो, हे येथे आठवल्यावाचून राहवत नाही.

आता 1965 सालची शेव्हरोले इम्पाला पाहा. लांबी पावणेअठरा फूट, परंतु पुढे तिघे व मागे तिघे सुखाने बसावेत अशी सलग आसने. मुले मांडीवर घेतली तर आणखी दोन-तीन. साधे सहा सिलिंडरांचे एंजिन 140 अश्वशक्तीचे, म्हणजे ड्यूसेनबर्गच्या निम्म्याहूनही कमी. तथापि ड्यूसेनबर्गचा भार जुन्या पद्धतीच्या अखंड आसांवर आणि कमानपाट्यांवर होता. इम्पालाची पुढची चाके स्वतंत्र आणि चारही चाकांस गुंडाळीच्या स्प्रिंगा. खाचखळग्यांचा रस्ता ज्यांस ठाऊक आहे, त्यांस हा फरक निराळा सांगावयास नको. साध्या इम्पालाची अमेरिकेतील किंमत तीन हजार डॉलरांच्या आत होती आणि त्या एका वर्षात तेथे दहा लाखांहून अधिक इम्पाला खपल्या.

सौंदर्यात ड्यूसेनबर्ग श्रेष्ठ, यात वाद नाही. कुटुंबाची मोटार म्हणून मात्र आम्ही इम्पालाच्याच बाजूचे. आपल्याकडे तीही धनिकांच्याच दारी आली, हे खरे; आणि पेट्रोलची तहान तर विचारूच नये. होळकरांची मोटार पुढे अमेरिकेस परत गेली. 1973 नंतर पेट्रोल भडकले, तेव्हा येथे उरलेल्या जुन्या अमेरिकन गाड्यांपैकी कित्येकींच्या पोटात आपल्या मिस्त्री लोकांनी डिझेलची एंजिने बसविली आणि त्या खडखडत का होईना, पुन्हा रस्त्यास लागल्या.